गोल घुमटाला न्यायचं एक वाक्य

आमच्या घराण्यात कुणी सरळ उठून कुठं जात नाही. आधी एक माणूस पुढं जाऊन बघून येतो. ही खोड मेंढरांमुळं लागली. कळप हलवायचा म्हटलं की एकजण चार-पाच गावं पायाखाली घालून यायचा. पाणी कुठं आहे, गवत किती उरलंय, कोण शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतोय, हे सगळं डोळ्यांनी बघून परतायचा आणि मग सगळ्यांना बसवून सांगायचा. तो सांगत असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, आणि त्यानं खोटं बोलायचं नाही. एरवी त्यानं हव्या तेवढ्या थापा माराव्यात, पाण्याच्या बाबतीत नाही.

मेंढरं विकून आता बरीच वर्षं झाली. जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर डाळिंबं आली, मी शिरवळला कारखान्यात लागलो, पण खोड तशीच राहिली. लग्नाआधी कार्यालय बघायला माणूस सगळेच पाठवतात. आमच्या आत्याचं पोटाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आधी एक चुलतभाऊ जाऊन दवाखान्यातल्या खाटेवर झोपून आला. नर्सनं त्याला सलाईन लावायला घेतलं होतं, दोन माणसांनी सोडवून आणला.

तर माझ्या काकीनं गोल घुमट आतून बघायचं ठरवलं, तेव्हा पुढं जाऊन बघून येण्याची पाळी माझ्यावर आली.

घुमट आम्हाला नवा नव्हता. विजापूर आमच्या वस्तीपासून जीपनं दोन तासांवर. मेंढरं घेऊन तिकडं उतरायचे त्या काळात आमची माणसं तो दरसाल बघायची, पण बाहेरून आणि लांबून. सपाट रानात तो दोन दिवस आधीपासून दिसायला लागतो. तुम्ही चालता तसा तोही बाजूनं चालतो, तुम्ही बसलात की बसतो. चुलत्यांना आम्ही आबा म्हणतो. आबा म्हणायचे, हा पालथा घातलेला हंडा हाय, खाली काय झाकलंय ते झाकणाऱ्याला म्हाईत. आत कुणीच गेलं नव्हतं. तीनशे मेंढरं बाहेर कुणाच्या भरवशावर सोडायची, आणि आत न्यायची तर तिकीट कितींचं काढायचं?

मागच्या दिवाळीला मी सुट्टीवर आलो होतो. शिरवळच्या गप्पा संपल्या म्हणून घुमटाच्या ऐकीव गप्पा सांगायला घेतल्या. वर घुमटाच्या आत भिंतीलगत गोल गच्ची आहे, तिथं एकदा हाक मारली की सात वेळा ऐकू येते. एका टोकाला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं की पलीकडच्या टोकाला, पार पन्नास पावलांवर, भिंतीला कान लावलेल्या माणसाला कानात बोलल्यासारखं ऐकू जातं, आणि मधल्या कुणाला काही कळत नाही. मी आपला नेहमीप्रमाणं दोन मुठी मीठ जास्त टाकून सांगत होतो. पन्नास पावलांची मी पाचशे केली असणार.

काकी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

दोन दिवसांनी तिनं मला गोठ्यामागं बोलावलं. "खरं सांग रं. ते कुजबुजायचं. ते खरं हाय का तुझं आपलं?"

"खरं आहे काकी."

"शपथ?"

"शपथ कशाला? आबांना घेऊन जाऊ, समोरासमोर..."

"त्यासाठीच इचारतीया," ती म्हणाली, आणि इकडंतिकडं बघून हळू आवाजात पुढं म्हणाली, "मला ह्यांना एक इचारायचंय. एकच. पर ते दुसऱ्या कुनाच्या कानावर जाता कामा नये."

आता इथं आबांच्या कानांबद्दल सांगायला पाहिजे. आबांना ऐकू येत नाही. येत नाही म्हणजे असं की एकदा शेजारच्या शेतात विहिरीला सुरुंग लावला, आमच्या कौलांतून माती पडली, आणि आबा म्हणाले, "कोन शिंकलं?" मिरजेहून त्यांना कानाचं यंत्र आणलं. ते त्यांनी दीड दिवस लावलं. कुकरची शिट्टी, सुनेची भांडी, नातवंडांचं रडं, टीव्ही, काकी, सगळं एकदम कानात शिरल्यावर म्हणाले, "घरात येवढा कालवा चालतूय व्हय? आन मी इतकी वर्सं सुखात हुतो!" त्यांनी यंत्र काढून दावणीच्या कडेला ठेवलं आणि ते शेळीनं खाल्लं. त्यानंतर ती शेळी आठ दिवस लांबच्या वस्तीवरचा बोकड ओरडला की दचकून उठायची.

दुसरं यंत्र त्यांनी घेऊ दिलं नाही. ऐकू येत नाही हे मात्र ते कधी कबूल करत नाहीत. कुणी काहीही विचारलं की मान हलवून "व्हय" म्हणतात. जेवलात का? व्हय. पाऊस पडेल का? व्हय. एका माणसानं विचारलं, तुमची कूपनलिका आटली म्हणं? व्हय. तो बिचारा हळहळत गेला, आणि कूपनलिका मागं धो-धो चालू होती.

त्यामुळं आबांशी बोलायचं म्हणजे छातीत हवा भरून ओरडायचं, आणि तेही तीनदा. आमचा मुलूख उघडा. ना डोंगर, ना झाडी. काकीनं अंगणात ओरडलेलं तीन वस्त्या ऐकतात. सून गरोदर आहे हे तिनं आबांना सांगितलं तेव्हा मुलगा दूध घालायला गेला होता. बाप होणार असल्याचं त्याला संकलन केंद्रावर कळलं. रांगेतला प्रत्येकजण त्याचा हात हातात घेत होता आणि त्याला वाटत होतं फॅट चांगली लागली असेल.

लिहून द्यावं तर दोघांनाही अक्षर येत नाही. वाचून दाखवायला तिसरा आलाच. रानात लांब नेऊन ओरडावं तर चारी बांधांवरून माणसं धावत येतात, "काय झालं? साप निघाला का?" थोडक्यात, गेली दहा-बारा वर्षं काकीला नवऱ्याशी एकटीनं बोलता आलं नव्हतं. मी हे आधी कधी मनात आणलंच नव्हतं. भांडणं तेवढी ऐकली होती आणि त्यांच्या नकला करून कारखान्यात लोकांना हसवलं होतं.

"काकी, मला सांग ना," मी म्हटलं. "मी त्यांच्या कानात बरोबर सांगतो."

"तुला? तुला सांगितलं की ते दुपारी जतला, संध्याकाळी शिरवळला, आन उद्या शेपूट लावून माझ्याकडंच परत! जा. जाऊन बघून ये."

गेलो. पहिल्या फेरीला दुपारी चढलो आणि तिथंच चुकलो. जिना अरुंद, पायऱ्या उंच, सात मजले. वर पोचेतो माझं हृदय माझ्या आधी पोचलं होतं. आणि गच्चीत गोंधळ! प्रत्येक माणूस ओरडून बघत होता, प्रत्येक ओरडणं सात वेळा फिरत होतं. सातात सात मिसळून तिथं एवढा आवाज साठला होता की लोक कानात बोटं घालून ओरडत होते. तिथं कुजबुज कसली ऐकू येणार! खाली येऊन मुक्काम केला आणि सकाळी दार उघडायच्या वेळेला पुन्हा हजर. या खेपेला वर मी, पाखरं आणि एक राखणदार. राखणदार कानडी. त्याला पलीकडं पाठवलं, भिंतीशी तोंड नेलं आणि मला येणारं एकमेव कानडी वाक्य कुजबुजलो, "ऊट आयतेन्री?" जेवण झालं का?

भिंत माझ्या कानात म्हणाली, "इन्नू इल्ला." अजून नाही.

तो माणूस पलीकडं बोटाएवढा दिसत होता आणि त्याचा श्वास माझ्या कानात होता. मला माझ्याच थापांवर पहिल्यांदा विश्वास बसला.

तेवढ्यात एक नवीन लग्न झालेलं जोडपं वर आलं. ते समोरासमोर उभे राहिले आणि मी मधे कुठंतरी भिंतीला टेकलो होतो. आणि काय सांगू, बायको सासूबद्दल जे बोलली ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं! आवाज भिंतीभिंतीनं सरकत जातो. मधे कुणी कान लावला तर त्यालाही वाटणी मिळते.

घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. पायऱ्या किती उंच, विसावा कुठं घ्यायचा, सकाळी पहिल्या तासात शांतता असते, शाळांच्या सहली आल्या की संपलं. पाणी खाली मिळतं, वर नाही. एक शब्द खोटा बोललो नाही. फक्त एक पाणवठा सांगायचा ठेवला. भिंतीला मधेही कान लावता येतो, तेवढंच माझ्याकडून राहून गेलं.

कारण मलाही जाणून घ्यायचं होतं. सगळ्यांनाच घ्यायचं होतं! त्या आठवड्यात वस्तीवर दुसरा विषय नव्हता. सून म्हणाली, आत्याबाईंना, म्हणजे काकीला, त्यांच्या सासूबद्दल काहीतरी विचारायचं असणार. ती सासू जाऊन वीस वर्षं झाली होती, पण सुनेला तेच वाटलं. शेजारची म्हातारी म्हणाली, काकीला धाकट्या लेकाकडं राहायला जायचंय. डाळिंबाच्या बागेत औषध मारायला येणारा गडी म्हणाला, आजार असंल काहीतरी. त्यावर सुनेनं त्याला बागेकडं पिटाळलं. मग पुन्हा कुणीतरी हसलं आणि नवा अंदाज निघाला. बघता बघता अकरा माणसं यायला तयार झाली. कुणाला घुमट बघायचा होता, कुणाला आदिलशहाची कबर. कबर बघायची इच्छा आमच्या वस्तीत एवढी दाबून ठेवलेली असेल असं मला वाटलं नव्हतं.

काकीनं अकरा जणांकडं एकदा बघितलं. "मी, ह्ये आन वाट दाखवायला ह्यो. बाकीच्यांनी डाळिंबाला पिशव्या बांधायच्या."

आबांना विचारलं, विजापूरला जायचं का? व्हय. पायऱ्या चढाल का? व्हय. न्हाई जमलं तर पाठीवर घ्यायचं का? व्हय.

पहाटे जीप सांगितली होती. शिळी नको म्हणून काकीनं तीन वाजता उठून भाकऱ्या केल्या. आबांना आपण कुठं चाललोय हे ठाऊक होतं की नाही देव जाणे, पण उजाडायला लागलं तसे ते खिडकीतून बोट दाखवायला लागले. "हितं बसायचो! त्या चिचंखाली! ह्या मान्सानं मला तंबाखू दिलती!" ते कुणाला सांगत होते कळेना, पण एवढ्या मोठ्यानं सांगत होते की जीपवाल्यानं दोनदा ब्रेक मारला. मग घुमट दिसला. आबांनी बोट आत घेतलं. काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत होती.

"काकी, घाबरलीस का?"

"मी कशाला घाबरू?" मग घुमटाकडं बघत म्हणाली, "त्यांना ऐकूच नाही आलं तर? ह्यो माणूस व्हय म्हनतोय. त्याच्या व्हयावर मी काय समजायचं?"

मी बघून आलो होतो ते माझा कान चालतो का, एवढंच. आबांचा नव्हे.

आबा सात मजले चढले. प्रत्येक मजल्यावर बसले, प्रत्येक मजल्यावर "आलं का?" विचारलं, आणि मी बोटांनी किती उरले ते दाखवलं. गच्चीत कुणी नव्हतं. मी आबांना या टोकाला उभं केलं, त्यांचा डावा कान, ज्यात थोडी धुगधुगी आहे, भिंतीला लावला आणि हातानं खूण केली, हलायचं नाही. काकीला पलीकडं नेऊन पोचवलं. ती भिंतीसमोर तोंड करून उभी राहिली, देवळात उभी राहते तशी. मी परत फिरलो आणि मधल्या अंतरावर, अगदी सहज, खालचं दालन बघत असल्यासारखा थांबलो. मग अगदी सहज डोकं मागं टेकलं. कान भिंतीला लागला. आता तो लागला त्याला मी काय करणार?

भिंतीतून काकीचा आवाज आला. तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मऊ, घाईचा. "आवं... ऐकू येतंय का?"

"व्हय!" आबा गरजले. व्हय, व्हय, व्हय करत घुमट फिरला. पाखरं उडाली. ह्या व्हयाला काही किंमत नव्हती हे तिघांपैकी दोघांना ठाऊक होतं.

भिंत पुन्हा बोलली. "आन मधी एक पाल चिकटलीया भितीला. तिनं खाली उतरावं."

"व्हय!" आबा म्हणाले.

मी उतरलो. सात मजले उतरताना माणसाला स्वतःची किती लाज वाटू शकते ते पहिल्या तीन मजल्यांत कळलं. उरलेल्या चारांत काळजी लागली. आबांना ऐकू आलं नाही तर काकीला ते कधी कळायचंच नाही. ते व्हय म्हणतील, ती ते खरं धरील किंवा धरणार नाही, आणि दोन्हीकडून ती तिथंच राहील जिथं होती.

खाली पोचलो तर बाहेर बस थांबलेली. शाळेची सहल. साठ-सत्तर मुलं, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, पुढं एक गुरुजी. "चला, आधी वर! सगळ्यांनी एकेकदा ओरडायचं!"

मी जिन्याच्या दारात आडवा उभा राहिलो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडाला सवय आहे. "गुरुजी, असं कसं? आधी त्याला विचारावं लागतं."

"कुणाला?"

"घुमटाला." मुलं जवळ आली. मी आवाज खाली आणला. म्हटलं, हा घुमट नुसता ऐकवत नाही, ऐकतो. बांधला तेव्हापासून जे जे इथं बोललं गेलं ते सगळं त्याच्या पोटात आहे. म्हणून तो इतका फुगलाय. आमच्या आजोबांचं एक कोकरू आत शिरलं होतं, ते एकदा बें म्हणालं, आणि सात दिवस आमची तीनशे मेंढरं बाहेर ते कोकरू शोधत होती. रोज एकदा आवाज यायचा. मुलांचे डोळे मोठे झाले. सकाळी पहिल्यांदा तो स्वतः बोलतो, मी म्हटलं. तो बोलेपर्यंत जो वर जाईल त्याचा आवाज तो ठेवून घेतो. मग तो मुलगा घरी जाऊन नुसतं तोंड हलवतो.

"खरंच?" एक मुलगी म्हणाली.

"मी पुढं येऊन बघून गेलोय. माझ्याकडं खोटं नसतं."

गुरुजी हसले. त्यांनी घड्याळ बघितलं, मग आणखी एकदा बघितलं. सत्तर मुलं चिडीचूप उभी होती. त्यांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच झालं असणार, त्यामुळं त्यांनाही ते मोडवेना. तशी पाच मिनिटं गेली. मी कोकराला लांडगा जोडला, लांडग्याला सरदार जोडला. दहा मिनिटं झाली. माझ्याकडची जनावरं संपत आली.

"बास आता," गुरुजी म्हणाले. "मुलांना वर सोडू का?"

आणि वरून आवाज आला.

"न्हाई!"

न्हाई, न्हाई, न्हाई. भिंतींवरून, कबरींवरून, आमच्या डोक्यांवरून तो फिरत गेला. मुलं जागेवर खाली बसली. गुरुजीही बसले.

"एकदा बी न्हाई! कवाच न्हाई!"

मी भिंतीला हात टेकला. दहा-बारा वर्षांत आबांच्या तोंडून मी व्हय सोडून दुसरं उत्तर ऐकलं नव्हतं. न ऐकणारा माणूस न्हाई म्हणत नाही. न्हाई म्हणायला आधी ऐकावं लागतं. काकीचा प्रश्न काय होता मला ठाऊक नाही, पण नुसतं व्हय आलं तर त्यांना ऐकूच आलं नाही हे कळावं, अशाच बेतानं तिनं तो विचारला असणार.

त्यानंतर वरून काही आलं नाही. ते दोघं लगेच खालीही आले नाहीत. मी मुलांना लांडग्याचं पुढं काय झालं ते सांगत राहिलो, आणि गुरुजी मुलांपेक्षा पुढं सरकून बसले होते.

ते उतरले तेव्हा आबा पुढं होते, काकी मागून त्यांच्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरत होती. मुलांनी वाट करून दिली. एकजण काकीला म्हणाला, "आजी, वर घुमट बोलला. तुम्ही ऐकलं?"

"ऐकलं की रं," काकी म्हणाली.

मी तिच्याजवळ गेलो. विचारणार नव्हतो, पण तोंड उघडलंच. तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे ओले होते आणि ती हसू दाबत होती, दोन्ही एकदम.

"पिशवी कुठं ठिवलीस?" ती म्हणाली. "त्यांना भूक लागलीया."

समोरच्या हिरवळीवर बसलो. तिनं भाकरीवर ठेचा घातला, पहिली आबांपुढं ठेवली, मग माझ्यापुढं. वर मुलं पोचली होती आणि घुमट सत्तर आवाजांनी ओरडत होता. आबा शांतपणे जेवत होते. काकीनं आपली भाकरी मोडली आणि ती त्यांच्या डाव्या बाजूला सरकून बसली.